निजामाने निवडणूक देऊ केली, तरी स्वामी रामानंद तीर्थांनी बहिष्कार का टाकला?

बीड जिल्ह्यातलं पाटोदा आज आष्टी विधानसभा मतदारसंघात येतं. मतदानाच्या दिवशी इथला ऊसतोड कामगार असो की मोठा जमीनदार, दोघांच्या मताची किंमत सारखीच. आता यात कुणाला काही नवल वाटत नाही.

पण १९३७ मध्ये चित्र वेगळं होतं. पाटोद्याच्या शेजारचं जामखेड इंग्रजांच्या मुलखात होतं. तिथं त्या वर्षी मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी मतदान झालं. मताचा हक्क मोजक्याच लोकांना होता, पण निदान निवडणूक तरी झाली. अलीकडं पाटोद्यात मात्र निजामाचं राज्य. राज्याचा कारभार कुणी करावा, हे रयतेला कुणी विचारतच नव्हतं.

हे बदलण्यासाठी जो माणूस उभा राहिला तो होता एक संन्यासी.

स्वामी रामानंद तीर्थांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, आजच्या कर्नाटकातल्या सिंदगीचा. तरुणपणी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं. १९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि १९३० च्या जानेवारीत त्यांनी संन्यास घेतला. पुढं १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. म्हणजे बीड जिल्ह्याशी त्यांचं नातं जुळलं ते शाळेमुळं.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. मागणी एकच होती, जबाबदार राज्यपद्धती. सोप्या भाषेत सांगायचं तर लोकांनी प्रतिनिधी निवडावेत आणि सरकारने त्या प्रतिनिधींना उत्तर द्यावं. १९३८ मध्ये याच मागणीसाठी हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहत होती. पण ती रीतसर स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले.

आता येतो खरा मुद्दा.

१९३९ मध्ये निजाम सरकारने राजकीय सुधारणा जाहीर केल्या. ८५ जणांचं विधिमंडळ, त्यात निवडून येणारे फक्त ४२. म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. शिवाय हे ४२ जण गावागावातल्या सगळ्या लोकांनी निवडायचे नव्हते. जहागीरदार, व्यापारी, वकील, पदवीधर अशा व्यवसायांनुसार आणि हितसंबंधांनुसार गट पाडायचे आणि त्या गटांनी आपापले प्रतिनिधी पाठवायचे. यात सामान्य माणसाच्या वाट्याला फारसं काही येतच नव्हतं.

त्यातच हिंदू आणि मुस्लिम प्रतिनिधींची संख्या समान ठेवली होती. राज्यात हिंदूंची संख्या कितीतरी जास्त होती, त्यामुळं या वाटणीचा लोकसंख्येशी मेळ बसत नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मंत्रिमंडळ विधिमंडळाला जबाबदार नव्हतं. प्रतिनिधी कितीही ओरडले तरी सरकार पडणार नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धामुळं ही योजना रखडली. १९४६ च्या जुलैमध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि स्वामीजी अध्यक्ष झाले. तेव्हा निवडणूक समोर होती. पक्षात मवाळ आणि जहाल असे दोन गट होते, त्यामुळं निर्णय सोपा नव्हता. आत गेलं तर निदान बोलायला जागा मिळेल, हा विचार अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण आत जाणं म्हणजे त्या असमान मताला मान्यता देणं. स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला.

१९४७ मध्ये मागणी आणखी पुढं गेली. हैदराबादने भारतात सामील व्हावं यासाठी आंदोलन सुरू झालं आणि स्वामीजींना पुन्हा अटक झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. पण जबाबदार सरकारची मागणी त्या दिवशी लगेच पूर्ण झाली नव्हती. त्यासाठी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची वाट पाहावी लागली. १९५२ च्या त्या निवडणुकीत २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळालं. शिक्षणाची अट नाही, जमिनीची नाही, व्यवसायाचीही नाही. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून निवडून आले.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचं निधन झालं. नांदेडचं विद्यापीठ आणि अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

मतदान म्हटलं की आपण रांग, शाई आणि निकाल एवढंच बघतो. कोण मत देणार, त्याचं वजन किती आणि निवडून आलेल्याच्या हातात काय असणार, हे नियम त्याच्याही आधी ठरतात. स्वामीजींची लढाई या नियमांसाठी होती.