मिनिटाला ४० शब्द हवेत? मग कीबोर्डकडे न बघणाऱ्या मॅकगरिन यांची गोष्ट वाचाच

कंधार असो, नांदेड असो की लातूर, टायपिंग क्लासला नाव घातले की पहिल्याच आठवड्यात एक सूचना शंभरदा ऐकावी लागते : बोटांकडे बघायचे नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेत मिनिटाला ३० आणि ४० शब्द अशा पायऱ्या आहेत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. वेग २०-२५ वर अडला, की नोकरीही तिथेच अडते. मान वर ठेवून टाइप करण्याची पद्धत ज्यांच्यामुळे गाजली, ते होते अमेरिकेतील फ्रँक एडवर्ड मॅकगरिन.

चेष्टा मनावर घेतली

मॅकगरिन यांचा जन्म १८६१ चा. तरुणपणी ते मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे एका वकिलाकडे कारकून होते. एक मुलगी खिडकीबाहेर बघत टाइप करते, असे त्या वकिलाने त्यांना चेष्टेत सांगितल्याचा किस्सा आहे. मॅकगरिन इरेला पेटले. कोणते अक्षर कोणत्या बोटाने, हे ठरवून रेमिंग्टनच्या मशिनवर सराव सुरू झाला. हात बसल्यावर कळले, की तशी मुलगी नव्हतीच!

पुढे सॉल्ट लेक सिटीत ते कोर्टाचे लघुलेखक झाले आणि टायपिंगचे वर्गही घेऊ लागले.

५०० डॉलरची पैज

२५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी शहरात त्यांचा सामना लुई ट्रॉब यांच्याशी झाला. पैज ५०० डॉलरची. ट्रॉब यांचे मशिन कॅलिग्राफ, त्यात मोठ्या आणि छोट्या अक्षरांना वेगवेगळ्या कळा. मॅकगरिन यांच्या रेमिंग्टनला शिफ्ट होती, म्हणजे कळा कमी आणि पाठ करायला सोप्या. पहिली ४५ मिनिटे ऐकून टाइप करायचे, पुढची ४५ मिनिटे कागद बघून. दोन्ही फेऱ्या मॅकगरिन यांनी जिंकल्या. कागद बघून टाइप करताना तर ट्रॉब फारच मागे पडले, कारण त्यांची नजर कागद आणि कळा यांच्यात येरझारा घालत होती.

गंमत म्हणजे त्या काळच्या या मशिनमध्ये अक्षर रोलरच्या खालून उमटायचे. काय टाइप झाले, हे लगेच दिसतच नसे. चूक बोटांनाच कळायला हवी.

सगळे श्रेय एकट्या मॅकगरिन यांना देणे मात्र बरोबर नाही. सिनसिनाटीतच शाळा चालवणाऱ्या श्रीमती लाँगली त्याआधीपासून सगळी बोटे वापरायला शिकवत होत्या. सामन्यामुळे त्या पद्धतीला प्रसिद्धी मिळाली.

आजचा हिशेब

इंग्रजीत पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात. ४० शब्द म्हणजे मिनिटाला २०० ठोके, सेकंदाला तीनपेक्षा थोडे जास्त. मिनिटात दहा वेळा अर्धा-अर्धा सेकंद मान खाली गेली, तर १६-१७ ठोके, म्हणजे तीनेक शब्द गेले. ३७ वर नापास होणारा तिथेच अडकतो.

म्हणून एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपून तर्जन्या तिथेच ठेवायच्या आणि प्रत्येक कळेनंतर बोट मधल्या रांगेत परत आणायचे. सुरुवातीला वेग घटतो, तेव्हाच अनेक जण जुन्या सवयीकडे वळतात. पंधरा दिवस घड्याळ बाजूला ठेवून फक्त अचूकता बघावी. मराठीसाठी इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. त्यामुळे हात आलटून-पालटून चालतात. रेमिंग्टन मांडणी शिकला असाल तर तीच ठेवा. परीक्षेच्या तोंडावर मांडणी बदलण्यासारखा घोळ नाही.

माणसाचा हात किती पळू शकतो? १९४६ मध्ये स्टेला पजुनास यांनी इलेक्ट्रिक मशिनवर मिनिटाला २१६ शब्दांचा वेग गाठला. मॅकगरिन तेव्हा हयात नव्हते. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.