कै. ताराबाई मोडक : खेळांतून शिकविणाऱ्या बाई

आपल्या ह्या रत्नागिरी जिल्ह्यांतील कोणत्याही वाडीवर संध्याकाळच्या वेळीं जाऊन पाहावें. अंगणांत, कातळावर, आंब्याच्या सावलींत मुलें शिवाशिवी, लंगडी, लगोऱ्या, विषामृत असे खेळ खेळतांना दिसतील. त्यांस कोणीं हांक मारलेली नसते, कोणीं छडी उगारलेली नसते. तरी तीं धांवतात, वांकतात, तोल सांवरतात आणि थकलीं तरी घरीं जावयास तयार नसतात. हींच मुलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाळेंत हाताची घडी घालून बसविलीं म्हणजे चुळबुळ करूं लागतात, व त्यांस गप्प बसविण्यांत गुरुजींचा अर्धा वेळ खर्च होतो. मूल तर एकच. मग हा फरक कां पडावा? ह्या एका प्रश्नापायीं जिनें आपलें आयुष्य वेचिलें अशा एका थोर स्त्रीचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्या म्हणजे कै. ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म ता. १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबईंत झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे सभासद होते. ज्या काळीं पुष्कळ घरांत मुलीच्या हातीं पाटी देणें हेंही पाप मानीत, त्या काळीं ह्या घरीं मुलींच्या शिक्षणाला मोकळीक होती. १९१४ सालीं ताराबाई मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. पुढें अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाहीं, व १९२१ सालीं पतिपत्नी विभक्त झालीं. पदरीं एक लहान मुलगी होती. अशा प्रसंगीं त्या काळची स्त्री माहेरच्या आश्रयास जाऊन बसती तर कोणी तिला नांवें ठेविलीं नसतीं. ताराबाईंनीं मात्र स्वतःच्या पायांवर उभें राहावयाचें ठरविलें, आणि राजकोट येथील बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या मुख्य म्हणून काम पत्करलें. जागा मानाची व पगाराची होती.

त्या वेळीं भावनगर येथें गिजुभाई बधेका नांवाचे एक गृहस्थ लहान मुलांची एक नवीन तऱ्हेची शाळा चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसें शिकवावें ह्या विचारांत असतां डॉ. मॉंटेसोरी यांचे ग्रंथ त्यांच्या वाचनांत आले, व वकिली सोडून त्यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर उघडलें. ताराबाईंनीं हें काम पाहिलें, आणि १९२३ सालीं राजकोटची जागा सोडून त्या भावनगरास गेल्या. एका शिकलेल्या बाईनें कॉलेज सोडून तीन-चार वर्षांच्या पोरांमागें धांवावें हें त्या वेळीं पुष्कळांस चमत्कारिक वाटलें असेल. परंतु त्यांच्या आयुष्याचा मार्ग येथूनच ठरला.

हा मार्ग कोठून आला हें वाचकांस थोडक्यांत सांगणें जरूर आहे. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल ह्या एका पाळकाच्या मुलानें १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढली, व १८४० सालीं तिला मुलांची बाग ह्या अर्थाचें किंडरगार्टन हें नांव दिलें. वर्तुळांत उभें राहून, गाणें म्हणत, हातपाय हालवीत खेळावयाचे खेळ हें त्या शाळेंतील शिक्षणाचें मोठें अंग होतें. त्यानंतर इटलींत मारिया मॉंटेसोरी ह्या डॉक्टरीणबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांतील एका गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलाचें शरीर व बुद्धि हीं दोन निराळीं नाहींत, हात चालला म्हणजे डोकें चालतें, असें त्यांनीं प्रत्यक्ष दाखविलें. जमिनीवर एक रेघ आंखावयाची व मुलांनीं तिच्यावरून पावलापुढें पाऊल ठेवीत चालावयाचें. पुढें हातांत पाण्याचा पेला घेऊन, पाणी न सांडतां चालावयाचें. पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटतो. परंतु ह्यांत मूल आपल्या अंगाचा तोल व मनाची एकाग्रता दोन्ही कमावतें. ज्याला आपलें शरीर आवरतां येतें, त्यालाच पुढें बोटांत पेन्सील धरून अक्षर वळवितां येतें.

गिजुभाई व ताराबाई यांनीं ही पद्धति घेतली, पण आंधळेपणानें घेतली नाहीं. आपल्या देशांतील मूल गोष्टींनीं, गाण्यांनीं व नाचानें फुलतें हें त्यांनीं ओळखलें. म्हणून गोष्टी, अभिनयगीतें, लोकनृत्यें व छोटीं नाटकें यांस त्यांनीं बालमंदिरांत मोठें स्थान दिलें. शिक्षा बंद, भीति बंद, बक्षिसाची लांच बंद. १९२६ सालीं ह्या दोघांनीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ति ताराबाईंनीं चालविली, व तिच्यांतून हे विचार महाराष्ट्रांतील आईबापांच्या कानीं गेले. गिजुभाईंनीं दिवास्वप्न ह्या आपल्या पुस्तकांत एका अशा शिक्षकाचें कल्पित चित्र काढलें आहे, कीं जो वर्गांत खेळ व गोष्टी आणतो, आणि इतर शिक्षकांचा व पालकांचा रोष पत्करूनही आपला प्रयोग सोडीत नाहीं. खेळ हेंच लहान मुलाचें खरें शिकणें आहे, हा त्या पुस्तकाचा गाभा होय. गिजुभाई १९३९ सालीं वारले. त्याच्या आधींच, १९३६ सालीं, ताराबाईंनीं मुंबईंत दादर येथें शिशुविहार ही संस्था उभी केली होती. तेथें बालमंदिर चाले व शिक्षकही तयार होत.

येथवर सर्व यशस्वी झालें होतें. पण ताराबाईंच्या मनाला एक टोंचणी लागून राहिली. ही शाळा कोणाच्या मुलांची? ज्यांस महाग लांकडी साधनें विकत घेतां येतात, ज्यांच्या अंगावर धुतलेले कपडे आहेत, त्यांची. खेड्यांतील मजुराच्या व वाड्याबाहेर ठेविलेल्या अस्पृश्यांच्या मुलांनीं काय करावें? गांधीजींच्या विचारांचा परिणामही त्यांच्यावर झाला होता. शेवटीं १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, नांवारूपास आलेलें मुंबईचें काम मागें ठेवून त्या बोर्डी गांवीं गेल्या. हें गांव आपल्याच कोंकणच्या उत्तर टोकास समुद्राकांठीं आहे. तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत मोडे, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. तेथें त्यांनीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, व गुरु-शिष्येची ही जोडी अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीस पहिला अनुभव कडू आला. शाळा उघडली, पण मुलें येतना. कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणी सरपण आणी, आणि शाळा म्हणजे मार ही समजूत तर पोटांत पक्की. तेव्हां ह्या बायांनीं मुलांची वाट पाहणें सोडून दिलें व स्वतःच वस्तींत जावयास आरंभ केला. मुलांस न्हाऊं-माखूं घालावें, नखें कापावीं, केंस विंचरावे, आणि तेथेंच कोणाच्या तरी अंगणांत गाणीं व खेळ सुरू करावे. ह्यांतूनच बालवाडी व अंगणवाडी हीं नांवें रूढ झालीं. महाग साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें व बांबूच्या कांड्या आल्या. ज्या मुलाला आंकडे म्हणतां येत नसत, तें खड्यांचा खेळ खेळतां खेळतां मोजूं लागलें.

१९५७ सालीं हें काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलें. तेथील वस्ती मुख्यत्वें वारली लोकांची. येथें नवीनच अडचण उभी राहिली. मुलें दिवसभर गुरें राखावयास जात; तीं शाळेंत येणार केव्हां? ताराबाईंनीं त्याचाही मार्ग काढला. मूल कुरणांत जातें ना? मग शाळाच कुरणांत जाऊं दे! शिक्षक गुराख्यांबरोबर रानांत जाऊं लागला. गुरें चरत असतां खेळ, गाणीं, गणती व अक्षरओळख चालूं लागली. हीच ती प्रसिद्ध कुरणशाळा. मुलाला उठवून आपल्या चौकटींत बसविण्यापेक्षां त्याच्या पायांमागें शिक्षणानें चालावें, हा धडा तिनें साऱ्या देशास दिला.

१९६२ सालीं सरकारनें ताराबाईंस पद्मभूषण ही पदवी दिली. ता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९७५ सालीं, सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, व तिच्या बालकेंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें. आज भरतखंडांत खेडोपाडीं हें नांव ठाऊक आहे. परंतु त्याच्यामागें बोर्डीच्या एका अंगणांतील खेळ आहे हें थोड्यांसच ठाऊक असेल.

आतां आपल्या गांवांकडे वळूं. आपण अंगणवाडी हें नांव घेतलें, पण त्यांतील अंगण घेतलें काय? कित्येक ठिकाणीं चार वर्षांचें मूल चटईवर बसून बाराखडी घोकतें, आणि मूल नुसतें खेळतें, शिकत कांहींच नाहीं, अशी तक्रार घेऊन आईबापच शिक्षिकेकडे जातात. भिऊन ती बिचारी खेळ बंद करते. येथें दोष तिचा नव्हे, आपला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें सांगितलें आहे, कीं तीन व चार वर्षांच्या मुलांनीं दिवसांतून निदान १८० मिनिटें हालचाल करावी, व त्यांपैकीं ६० मिनिटें तरी दम लागेल अशी असावी. ताराबाईंनीं जें अंगणांत ओळखलें तेंच आज वैद्य सांगत आहेत.

ह्यासाठीं पैसा लागत नाहीं. जमिनीवर चुन्याची एक रेघ, दहा करवंट्या, एक जुनें धोतर फाडून केलेला चेंडू, एवढें पुरे. पावसाच्या चार महिन्यांत पटांगण चिखलानें भरतें. तेव्हां पडवींत रेघेवरून चालणें, बेडूकउड्या, पशुपक्ष्यांच्या चाली, अभिनयगीतें हीं सहज होतात. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोठ्यांच्या खेळांत जो बाद होतो तो बाजूस बसतो. लहान मुलांत बहुधा अशक्त व भित्रें मूलच आधीं बाद होतें, आणि ज्याला हालचालीची सर्वांत अधिक गरज तेंच अर्धा तास बसून राहतें. म्हणून खेळ असा योजावा कीं बाद झालेलें मूल तीन उड्या मारून पुन्हां आंत येईल, किंवा दुसऱ्या बाजूस मिळेल. पांगळें किंवा दुबळें मूल असेल तर त्याच्याजोगें काम त्या खेळांतच शोधावें. कोणीही बाहेर राहूं नये, हेंच तर बोर्डीच्या अंगणाचें सार होतें.

वाचकहो, ताराबाईंनीं मुलांकरितां जागा सोडली, शहर सोडलें, आणि उतारवयांत रानाची वाट धरिली. आपणांस इतकें कोणी मागत नाहीं. उद्यां आपलें मूल घामाघूम व धुळीनें माखून घरीं आलें, तर त्याच्यावर ओरडण्यापूर्वीं आज कोणता खेळ खेळलास एवढें त्यास विचारावें, आणि त्याचें उत्तर शेवटपर्यंत ऐकावें.