विश्लेषण : ‘मद्रास’चे ‘तमिळनाडू’ कसे झाले? अण्णादुराईंपुढे केंद्र का नमले?

राज्याचे नाव बदलण्याचा अधिकार राज्याला नाही. राज्यघटनेच्या कलम ३ नुसार तो संसदेचा. मद्रास राज्याला ‘तमिळनाडू’ म्हणावे, असे खासगी विधेयक १९६३ मध्ये राज्यसभेत आले. खासदार सी. एन. अण्णादुराई त्याच्या बाजूने बोलले, पण विधेयक फेटाळले गेले. पाच वर्षांनी संसदेने हेच नाव मान्य केले. कलम ३ तसेच होते, मधल्या काळात राजकारण बदलले होते.

कोण होते अण्णादुराई?

जन्म १५ सप्टेंबर १९०९, कांचीपुरमच्या विणकर कुटुंबात. मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातून एम. ए. केल्यावर ते पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांच्या चळवळीत आले. नाटके आणि पटकथा लिहिणारे हे फर्डे वक्ते १९४९ मध्ये पेरियार यांच्यापासून वेगळे झाले आणि त्यांनी द्रमुकची स्थापना केली. मागणी थेट स्वतंत्र ‘द्रविड नाडू’ची होती. १९६२ मध्ये राज्यसभेतील पहिल्याच भाषणात त्यांनी ती मांडली.

मागणी का सोडली?

त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि अण्णादुराईंनी मागणी बाजूला ठेवली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवारांना देशाच्या अखंडतेची शपथ बंधनकारक केली. म्हणजे शपथ नाही, तर निवडणूकही नाही. द्रमुकने द्रविड नाडूचा मुद्दा कायमचा सोडला. अण्णादुराईंची सर्वात हुशार खेळी हीच म्हणावी लागेल. फुटीरतेचा शिक्का पुसला गेला आणि राज्याच्या हक्कांचा मुद्दा हाती उरला.

१९६५ मध्ये हिंदी राजभाषा होण्याची मुदत आली, तेव्हा मद्रास पेटले. मद्रासच्या दोन केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे सादर केले. इंग्रजी कायम ठेवण्याचे आश्वासन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना द्यावे लागले. १९६७ मध्ये द्रमुक स्वबळावर सत्तेत आला आणि अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. काँग्रेसने इतरही अनेक राज्ये गमावली, लोकसभेतील तिचे बहुमतही घटले. आता दिल्लीला राज्यांचे ऐकणे भाग होते.

अण्णादुराईंना मुख्यमंत्रिपदाची दोन वर्षेही मिळाली नाहीत. तेवढ्यात पुरोहिताशिवाय होणाऱ्या ‘स्वाभिमान विवाहा’ला कायदेशीर मान्यता मिळाली. विवाह हा समवर्ती सूचीतील विषय असल्याने राज्याने केंद्राच्या हिंदू विवाह कायद्यातच आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळवली. जानेवारी १९६८ मध्ये विधानसभेने त्रिभाषा सूत्र नाकारून तमिळ आणि इंग्रजी एवढ्याच भाषा ठेवल्या.

१४ जानेवारी १९६९ रोजी ‘तमिळनाडू’ हे नाव लागू झाले. ३ फेब्रुवारीला कर्करोगाने अण्णादुराईंचे निधन झाले.

त्याच वर्षी त्यांचे उत्तराधिकारी एम. करुणानिधी यांनी केंद्र-राज्य संबंधांवर राजमन्नार समिती नेमली. राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ रद्द करा, अशी शिफारस तिने १९७१ मध्ये केली. केंद्राने ती मानली नाही. ३१ जानेवारी १९७६ रोजी करुणानिधी सरकार बरखास्त झाले, ते याच कलमाखाली.