झाडू हाती घेणारा सेनापती

पुण्याच्या पश्चिमेस मुळशीचा विस्तीर्ण जलाशय आहे. पावसाळ्यात सहलीला जाणाऱ्या मंडळींना त्याचे सौंदर्य मोहविते. परंतु त्या पाण्याखाली आंबेमोहोर भाताची खाचरे, घरे आणि देवळे बुडालेली आहेत, याचे स्मरण फार थोड्यांना असते. त्या खाचरांसाठी ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात घालविली, त्या पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

१२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका साधारण स्थितीतील कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अहमदनगर व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये ते एडिंबरोला अभियांत्रिकी शिकण्यास गेले. तेथे परकीय सत्तेविरुद्ध केलेल्या भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये हेमचंद्र दास यांच्यासमवेत बॉम्ब तयार करण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली आणि १९०८ मध्ये ते मायदेशी परतले. अलीपूर खटल्यात नाव आल्यामुळे काही वर्षे भूमिगत राहावे लागले. १९१२ मध्ये ते पकडले गेले. मात्र पुराव्याअभावी सुटले.

यानंतरचे बापट आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटतात. विलायतेत शिकलेला हा विद्वान पारनेरला आला, तो पहाटे हाती झाडू घेऊन. रस्ते झाडावेत, शौचकूप साफ करावेत, हा त्यांचा नित्यक्रम झाला आणि गाव बदलले तरी तो सुटला नाही. त्या काळी हे काम ज्या जातींच्या माथी जन्माने मारलेले होते, त्यांच्याकडे सवर्ण समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. एका चित्पावन ब्राह्मणाने ते स्वेच्छेने पत्करावे, याने भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या. १९१४ मध्ये पुत्र झाला, तेव्हा बारशाच्या भोजनाचा पहिला मान त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना दिला. १९२० मध्ये मुंबईच्या झाडू-कामगारांच्या संपात ते त्यांच्या बाजूने उभे राहिले. स्वतः झाडू धरलेला माणूसच त्यांच्या वतीने बोलू शकत होता. आपल्या शिष्यांचे पाय धुणारा गुरू ज्यांना परिचित आहे, त्या आमच्या वाचकांना हे वागणे अनोळखी वाटणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरविण्यासाठी निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे काम टाटा कंपनीने हाती घेतले होते. त्यात अनेक गावांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते आघाडीवर होते. मावळी स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. बापट या लढ्यात सामील झाले आणि येथेच लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले. पदवी कोणा सरकारने दिली नव्हती. ती दिली शेतकऱ्यांनी, तीही ज्याच्यापाशी ना सैन्य होते ना खजिना अशा माणसाला!

लढा सोपा नव्हता. पुष्कळशा जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावे होत्या. त्यांना भरपाईची रक्कम पुरेशी वाटत होती, तर कसणाऱ्या कुळांना केवळ जमीन हवी होती. हितसंबंधांचा हा भेद चळवळीला आतून पोखरीत गेला. तहकूब झालेले काम पुन्हा सुरू झाले, अटका वाढल्या, पुढाऱ्यांचा उत्साह ओसरला. बापट मात्र तुरुंगातून सुटले की पुन्हा मुळशीत हजर होत. डिसेंबर १९२४ मध्ये मूठभर सहकाऱ्यांसह, हाती शस्त्रे घेऊन, त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडविली. येथे अहिंसेची मर्यादा ओलांडली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु त्या कृत्याची किंमत त्यांनी कुणा अनुयायाच्या खांद्यावर टाकली नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते बाहेर आले तेव्हा धरण पूर्ण होऊन काही वर्षे लोटली होती. पाणी कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे वाहू लागले होते आणि मावळे विखुरले होते.

पराभूत लढ्याचा पुढारी पुढे सहसा पद शोधतो. बापटांनी ते शोधले नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज उभारण्याचा मान त्यांना मिळाला. सत्तेच्या खुर्चीकडे मात्र ते वळले नाहीत. श्रीअरविंदांच्या तत्त्वज्ञानपर ग्रंथाचा 'दिव्य जीवन' हा मराठी अनुवाद त्यांनी केला. मे १९५५ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, ना. ग. गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची तुकडी घेऊन त्यांनी गोव्याची सरहद्द ओलांडली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होतेच.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात व मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरही पहाटे कोणीतरी झाडू मारीत असते.