पहिल्या मोटारीची पहिली मेकॅनिक

१८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील एका गृहिणीने दोन मुलांसह मोटारीतून शंभर किलोमीटरहून अधिक लांबचा प्रवास केला. वाटेत गाडी वारंवार बिघडली आणि प्रत्येक वेळी ती दुरुस्त करून पुढे गेली. बर्था बेन्झ या स्त्रीचे हे चरित्र.

जुनी मोटार बाळगणाऱ्याला दोन प्रश्न पाठ असतात. गाडी भर रस्त्यात बंद पडली की बॉनेट उघडून मेकॅनिक आधी पाहतो तो इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचते की नाही, आणि मग प्लगला करंट येतो की नाही. निम्म्याहून अधिक दुखणी या दोन प्रश्नांतच सापडतात. उरलेली दुखणी ठरलेली. पाणी आटून इंजिन तापणे, ब्रेकचे लायनर झिजणे, फिरती शक्ती चाकापर्यंत नेणारा पट्टा किंवा साखळी सैल होणे. नव्या गाड्यांना स्कॅनर लावून दोष शोधतात. कार्बोरेटरच्या गाडीला मात्र अजूनही डोळे, कान आणि तर्क यांचाच आधार असतो.

हे सारे दोष एकाच दिवसात, एकाच गाडीत, आणि तेही जवळपास गॅरेज हा शब्दही नसताना एका स्त्रीच्या वाट्याला आले. ही यादी तिने कुठल्या पुस्तकात वाचलेली नव्हती. असे पुस्तक तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

हुंड्याचे भांडवल

बर्था रिंगर हिचा जन्म ३ मे १८४९ रोजी बाडेन संस्थानातील फोर्ट्झहाइम या गावी झाला. वडील सुतारकामातून वर आलेले सधन बांधकाम व्यावसायिक होते. घरात मुली अनेक होत्या. बर्थाच्या जन्माची नोंद करताना पुन्हा मुलगीच झाल्याची खंत वडिलांनी घरच्या बायबलमध्ये लिहून ठेवली होती, आणि ती नोंद पुढे मुलीच्याच वाचनात आली, असे तिच्या चरित्रकथांमध्ये आवर्जून सांगितले जाते. मुलींना उच्च शिक्षणाची दारे तेव्हा बंद होती. यंत्रे कशी चालतात याचे कुतूहल मात्र तिला लहानपणापासून होते.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेन्झ या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. कार्ल हा रेल्वे इंजिनचालकाचा मुलगा. वडील लवकर वारले, आईने हलाखीत वाढवले आणि कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत शिकवले. घोड्याविना चालणाऱ्या गाडीचे स्वप्न त्याच्या डोक्यात होते, खिशात मात्र पैसा नव्हता. १८७१ मध्ये त्याने मानहाइम येथे ऑगस्ट रिटर याच्या भागीदारीत एक छोटा कारखाना काढला. भागीदारी लवकरच विस्कटली आणि धंदा बुडण्याच्या बेतात आला.

या टप्प्यावर बर्थाने जे केले, त्याला त्या काळी धाडसच म्हणावे लागेल. लग्नासाठी राखून ठेवलेली आपली रक्कम तिने वडिलांकडून लग्नाआधीच मागून घेतली आणि त्यातून रिटरचा हिस्सा विकत घेऊन कार्लला मोकळे केले. विवाहानंतर स्त्रीच्या मालमत्तेवर पतीचा अधिकार चालण्याचा तो काळ. आपला पैसा आपल्या निर्णयाने गुंतवण्याची संधी तिला अविवाहित असतानाच होती आणि ती तिने साधली. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला. ज्या कारखान्यातून पुढे मोटार बाहेर पडली, तो असा एका मुलीच्या हुंड्याच्या पैशावर उभा राहिला.

कर्ज, जप्ती आणि एक इंजिन

पुढची वर्षे सुखाची नव्हती. मंदी आली, मागणी आटली. १८७७ मध्ये कर्जवसुलीपायी कारखान्यातील अवजारे जप्त होण्यापर्यंत वेळ गेली. तोवर घरात तीन मुले होती. कार्लने स्थिर नोकरी धरावी, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले असतील. बर्था मात्र इंजिनाच्या नादाला लागलेल्या नवऱ्याच्या पाठीशी उभी राहिली.

१८७९ च्या ३१ डिसेंबरची रात्र या कुटुंबाच्या आठवणीत कायमची कोरली गेली. दोन-स्ट्रोक इंजिन कित्येक दिवस दाद देत नव्हते. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहू, असे बर्थाने सुचवले. दोघे कार्यशाळेत गेले आणि इंजिन सुरू झाले. जुने वर्ष सरताना ते अखंड चालत राहिले.

१८८३ मध्ये नव्या भागीदारांसह बेन्झ अँड कंपनीची स्थापना झाली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने इंजिनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. जर्मन पेटंट क्रमांक ३७४३५ हा मोटारीचा जन्मदाखला मानला जातो. त्यावर नाव एकट्या कार्लचे होते.

गाडी होती, गिऱ्हाईक नव्हते

पहिल्या गाडीचे इंजिन एक सिलिंडरचे आणि एक अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकदीचे होते. वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. जुलै १८८६ मध्ये मानहाइमच्या रस्त्यावर ती लोकांसमोर धावली. लोकांनी ती पाहिली, काहींनी चेष्टा केली, काही घाबरले. विकत घ्यायला मात्र कोणी पुढे येईना. गावात चार फेऱ्या मारणाऱ्या खेळण्यावर पैसे घालावेत कोणी? कार्ल स्वभावाने कमालीचा चोखंदळ. प्रत्येक सुधारणेनंतर त्याला पुढची सुधारणा दिसे आणि गाडी दूरवर नेऊन दाखवण्याचे धाडस होत नसे.

बर्थाला नेमके उलटे वाटत होते. जे कार्यशाळेत सापडत नाही ते रस्त्यावर सापडते, आणि जे यंत्र लांब पल्ला गाठते त्यावरच लोक विश्वास ठेवतात, हा तिचा हिशेब. शिवाय कारखान्यात तिचा स्वतःचा पैसा आणि सोळा वर्षांचा संसार अडकलेला होता.

मुलांच्या सुट्या लागल्यावर ऑगस्ट १८८८ मधील एका पहाटे तिने पंधरा वर्षांचा ऑइगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड यांना बरोबर घेतले. कार्ल झोपेत होता. तिघांनी सुधारित नमुन्याची मोटार बाहेर काढली आणि फोर्ट्झहाइमचा, म्हणजे तिच्या माहेरचा रस्ता धरला. त्या वेळी तिचे वय ३९ होते.

दोष आणि दुरुस्ती

पहिली अडचण इंधनाची. गाडीत जेमतेम साडेचार लिटर इंधन राही आणि ते संपल्यावर भरण्यासाठी जगात एकही पंप नव्हता. ही गाडी लिग्रॉइन या हलक्या पेट्रोलियम द्रवावर चाले आणि तो कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळे. वीसलोख गावातील औषधविक्रेता विली ओकेल याच्याकडून बर्थाने तो विकत घेतला. ते दुकान पुढे जगातील पहिले पेट्रोल भरण्याचे ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आले.

इंधन होते, पण एके ठिकाणी ते इंजिनापर्यंत जाईना. नळीत कचरा अडकला होता. बर्थाने टोपी केसांत रोवण्याची लांब पिन काढली आणि नळी मोकळी केली. हा दोष आजही तसाच येतो. जुन्या गाडीच्या टाकीच्या तळाशी गंज आणि गाळ साठतो, तो कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो, आणि गाडी आधी अडखळते, मग बंद पडते. आज त्याआधी फिल्टर असतो आणि जेट हवेच्या दाबाने साफ करतात. तारेने टोकरल्यास छिद्र मोठे होऊन मिश्रणाचे प्रमाण बिघडते.

दुसरा दोष विजेचा. बेन्झच्या गाडीत बॅटरी आणि कॉइलच्या साह्याने ठिणगी पाडली जाई. प्रज्वलनाच्या तारेवरचे वेष्टन घासून निघाले. उघडी तार धातूला टेकली की वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी जवळच्या धातूत उतरते, सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. पायमोजा घट्ट राहावा म्हणून बांधायचा लवचिक पट्टा काढून बर्थाने त्या तारेभोवती गुंडाळला आणि वीज पुन्हा आपल्या वाटेने गेली. जुन्या गाडीचे इंजिन पावसात मिसिंग करू लागले तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी अंधारात बॉनेट उघडून, तारांना हात न लावता पाहिले तर गळणाऱ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. तार बदलली की काम झाले.

तिसरा त्रास पाण्याचा. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि त्यासोबत उष्णताही जाई. त्यामुळे वाटेत मिळेल तिथून, विहिरीतून, ओढ्यातून पाणी भरत राहावे लागले. बंद प्रणालीच्या गाड्यांत पाणी इतके आटत नाही, आणि म्हणूनच ते वारंवार कमी होऊ लागले तर गळती शोधावी लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हा धडा मात्र नवा आहे.

ब्रुखसाल गावात साखळीने दगा दिला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना साखळ्यांमधून मिळे. ताणलेली साखळी दात सोडते. गावच्या लोहाराने ती नीट करून दिली. चढ आला की गाडीची दमछाक होई. मग मुले खाली उतरून ढकलत.

उताराचे दुखणे त्याहून गंभीर होते. लाकडी ब्रेक ठोकळे सततच्या घर्षणाने झिजले आणि गाडी आवरेना. बाउश्लॉट गावी बर्थाने एका चांभाराला गाठून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. चामड्याने पकड वाढली, आणि ते झिजले की ठोकळा तसाच ठेवून फक्त चामडे बदलता येणार होते. घासणारा थर वेगळा आणि बदलता येण्याजोगा असावा, हेच आजच्या ब्रेक लायनरचे तत्त्व. मोटारीच्या इतिहासात या कल्पनेचे श्रेय बर्थाकडे जाते.

दिवस मावळल्यावर तिघे फोर्ट्झहाइमला पोहोचले. बर्थाने कार्लला तार करून सुखरूप पोहोचल्याचे कळवले. काही दिवसांनी ती त्याच गाडीने, वेगळ्या वाटेने मानहाइमला परतली.

प्रवासाचे फलित

या प्रवासाला माहेरभेट म्हणून हसण्यावारी नेणे सोपे होते. कार्लने तसे केले नाही. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही पत्नीची सूचना त्याने अमलात आणली. ब्रेकचा धडाही घेतला गेला. लांब पल्ल्याची ही चाचणी त्या काळातील कुठल्याही प्रयोगशाळेला जमली नसती. त्याच वर्षी म्युनिच येथील यंत्रप्रदर्शनात बेन्झच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. १८९४ पासून बनू लागलेली बेन्झ वेलो ही मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली मोटार ठरली आणि शतक सरताना बेन्झ कंपनी जगातील अग्रगण्य मोटार उत्पादकांत गणली गेली.

कीर्ती आली, तरी कलह टळला नाही. १९०३ मध्ये कार्ल कंपनीच्या दैनंदिन कारभारातून बाहेर पडला. कुटुंब लाडेनबुर्ग येथे स्थायिक झाले आणि मुलांसह तेथे नवा कारखाना काढला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात कार्लने आपल्या पडत्या काळात खचून न जाता सोबत राहिलेली व्यक्ती म्हणून पत्नीचे ऋण मान्य केले आहे. पुढच्याच वर्षी बेन्झ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्लचे निधन झाले.

बर्था त्यानंतर पंधरा वर्षे जगली. ज्या संस्थेत मुलगी म्हणून तिला प्रवेशच मिळाला नसता, त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने ३ मे १९४४ रोजी, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, तिला मानद सिनेटर ही पदवी दिली. अवघ्या दोन दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग येथे तिने जगाचा निरोप घेतला. बाहेर महायुद्ध चालू होते.

तिच्या प्रवासाच्या वाटेला २००८ मध्ये बर्था बेन्झ स्मृतिमार्ग म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. जाऊन-येऊन हा मार्ग १९४ किलोमीटरचा आहे. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचा समावेश १९८४ मध्ये झाला होता. बर्थाचा क्रमांक त्यानंतर ३२ वर्षांनी, २०१६ मध्ये लागला. पुण्याजवळ चाकण येथे २००९ पासून मर्सिडीज-बेन्झच्या गाड्या तयार होतात. त्यातील दुसरे नाव कार्लचे, तसेच त्याच्या कारखान्यात आपला हुंडा घालणाऱ्या पत्नीचेही आहे.

बर्थाने मोटार शोधली नाही. मोटार वापरण्याजोगी आहे, हे तिने दाखवून दिले. त्यासाठी आधी काय अडले ते ओळखावे लागते, मग हाताशी काय आहे ते पाहावे लागते, आणि दुरुस्ती झाली की पुन्हा तेच अडू नये म्हणून मूळ रचनाच सुधारावी लागते. कुठल्याही चांगल्या मेकॅनिकची हीच रीत असते. बर्थाने ती एका दिवसात, धुळीच्या रस्त्यावर, दोन मुलांना सांभाळत पार पाडली.