रोझलिंड फ्रँकलिन आणि न दिसणारा जिना

पालक-शिक्षकहो, गिरगावच्या एखाद्या चाळीमागचा लोखंडी गोल जिना लांबून, बाजूने बघा. नागमोडी दिसतो ना? एक तिरपी रेघ इकडे, एक तिकडे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९५२ साली रोझलिंड फ्रँकलिन यांच्या हाताखाली विद्यार्थी गॉस्लिंग यांनी डीएनएच्या ओल्या धाग्यावर क्ष-किरण सोडले. फिल्मवर ठिपक्यांची फुली उमटली! त्याच दोन तिरप्या दिशांचे हे दोन हात, म्हणजे रेणू मळसूत्री. हा फोटो बाईंच्या नकळत वॉटसनना दाखवला गेला. १९५८ मध्ये, अवघ्या ३७व्या वर्षी, कर्करोगाने त्या गेल्या. नोबेल १९६२ साली वॉटसन, क्रिक, विल्किन्स यांना मिळालं. १९८६ पासून अणुबल सूक्ष्मदर्शक आलाय. त्याची बारीक सुई प्रयोगशाळेत बनवलेल्या मळसूत्री बहुवारिकांचे पीळ थेट चाचपते. फ्रँकलिनबाईंनी मात्र जिना नुसत्या ठिपक्यांवरून ताडला होता.