नदीपलीकडच्या सावित्रीबाई

गेल्या वर्षीची गोष्ट. खराडीत आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी एके दिवशी लाटणं हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, भाचीवर नात्यातल्याच एकानं हात टाकला. पोरगी दहावीत. घरच्यांनी ठरवून टाकलेलं, शाळा बंद करायची आणि गुपचूप लग्न उरकायचं. आणि मी, चांगली शिकलेली बाई, पहिलं काय विचारलं? ती एकटी तिथं गेलीच कशाला? मावशी काही बोलल्या नाहीत. मान खाली घालून पोळ्या लाटायला लागल्या.

त्या रात्री झोप लागेना. गच्चीत गेले. खाली नदी, पलीकडे मुंढव्याचे दिवे. तिकडे बघताना सावित्रीबाई फुले आठवल्या. मुंढवाच का, ते शेवटी सांगते.

सावित्रीबाई आपल्याला ठाऊक असतात त्या पहिल्या शिक्षिका म्हणून. 3 जानेवारी 1831 ला नायगावात जन्म, नवव्या वर्षी लग्न, जोतीरावांनी शिकवलं, 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा. अंगावर शेण पडायचं म्हणून जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, हेही आपण शाळेत वाचलेलं. पण त्यांचं दुसरं काम धड्यात दोन ओळींत संपतं.

तेव्हाच्या पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण विधवा लोकांकडे स्वयंपाक करून पोट भरायची. एका शास्त्र्यानं तिला फसवलं. दिवस गेले तशी त्यानं जबाबदारी झटकली. बदनामीच्या धास्तीनं तिनं जन्मलेलं मूल मारून विहिरीत टाकलं. कायद्यानं तिला जन्मठेप देऊन काळ्या पाण्यावर पाठवलं. त्या पुरुषाचं काय झालं? काहीच नाही.

फुले दांपत्याला हे फार लागलं. 1863 साली गंज पेठेतल्या आपल्या राहत्या घरीच त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. शहरात पत्रकं लावली. विधवांनी गुप्तपणे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं की ठेवायचं ते जिचं तिनं ठरवावं. पत्रकात खुलाशाची अट नव्हती, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. 1884 पर्यंत पस्तीस विधवा तिथं येऊन गेल्या. त्यांची बाळंतपणं, बाळांचं न्हाऊमाखू, सगळं सावित्रीबाईंनी केलं. स्वतःला मूल नव्हतं. 1874 साली तिथंच एका विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. ज्याला समाजानं जन्मूच दिलं नसतं, त्याला शिकवून त्यांनी डॉक्टर केलं.

1897 ला पुण्यात प्लेग आला. यशवंतानं हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. आजारी माणसं गोळा करून आणायच्या सावित्रीबाई, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा तापानं फणफणलेला कळलं, तर त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना प्लेगनं गाठलं. 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. तेच हे समोरचं मुंढवं.

मैत्रिणींनो, त्यांच्या घरानं जे दिलं ते कायद्यात यायला शंभराहून अधिक वर्षं लागली. पीडितेचं नाव उघड करायचं नाही, हे आलं 1983 साली. मुलांसाठी पोक्सो कायदा 2012 चा. कुठल्याही दवाखान्यात ताबडतोब मोफत उपचार 2013 पासून. आपल्या राज्याची मनोधैर्य योजनाही त्याच वर्षीची. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, पण तो चौदाव्या वर्षी थांबतो. मावशींची भाची पंधरा वर्षांची. म्हणजे शाळेच्या बाबतीत ती आपल्यावरच सोडलेली.

दुसऱ्या दिवशी मी आधी मावशींची माफी मागितली. मग पोरीला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो, तिथून पोलिसांत. तिच्या आईला समजवायला चार फेऱ्या झाल्या. लग्न टळलं. खटला अजून चालू आहे, वेळ लागेलच.

यंदा मार्चमध्ये तिनं दहावीची परीक्षा दिली. मराठीच्या पेपरला तिला सोडायला मी गेले होते. वाटेत तिनं एकदाच विचारलं, मावशी, मी पुढं शिकले तर चालेल ना?

आता कुणी काही सांगायला आलं, की मी आधी पाणी देते, बसवते. बाकीचं नंतर.